लपवलेल्या पिस्तुलाचा उसना इतिहास

१/ ४ जुलै २०२४ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, लुईझियाना राज्यात एक नवा कायदा अमलात आला. कायद्याने अपात्र न ठरलेल्या, १८ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही व्यक्तीला तिथे आता कपड्यांआड पिस्तूल लपवून हिंडता येते. परवाना नको, प्रशिक्षण नको, बोटांचे ठसे नकोत. मुहूर्ताची निवड पुरेशी बोलकी आहे.

२/ अशी राज्ये २०२४ पर्यंत २९ झाली. या कायद्यांचे पुरस्कर्ते त्यांना ‘कॉन्स्टिट्यूशनल कॅरी’ म्हणतात. दावा नावातच आहे: १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नागरिकाला जे दिले होते, ते मधल्या काळात सरकारी कारकुनांनी हिरावून घेतले आणि आता ते ज्याचे त्याला परत मिळत आहे. बंदूक बाळगावी की बाळगू नये, हा या धाग्याचा विषय नाही. विषय आहे तो हा ‘परत मिळण्याचा’ दावा. तो इतिहासाच्या नावाने केला जातो, आणि इतिहासाच्याच कसोटीवर तो टिकत नाही.

३/ लुईझियाना १८१२ मध्ये राज्य झाले. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने शस्त्र लपवून बाळगणे हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी, १८१३ मध्ये, केंटकीनेही तसाच कायदा केला. अशा प्रकारचे कायदे करणारी ही देशातली पहिली दोन राज्ये. दुसरी घटनादुरुस्ती तेव्हा जेमतेम २२ वर्षांची होती आणि तिचा मसुदा लिहिणारे जेम्स मॅडिसन राष्ट्राध्यक्षपदावर होते. ‘घटनाकारांचा काळ’ म्हणतात तो हाच.

४/ केंटकीच्या कायद्यात खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि काठीत दडवलेली तलवार यांची नावे होती. शेवटच्या वस्तूला मराठीत नेमका शब्द आहे: गुप्ती. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला सूट होती. बाकीच्यांना किमान १०० डॉलर दंड. ब्लिस नावाच्या एका गृहस्थाला गुप्ती बाळगल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला आणि प्रकरण राज्याच्या अपील न्यायालयात गेले. १८२२ मध्ये न्यायालयाने कायदाच रद्द केला.

५/ विनापरवान्याचे समर्थक हा निकाल मोठ्या प्रेमाने सांगतात, पण गोष्ट तिथेच थांबवतात. केंटकीला हा निकाल रुचला नाही. १८५० च्या नव्या राज्यघटनेत शस्त्राचा अधिकार कायम ठेवून एक वाक्य जोडण्यात आले: लपवून शस्त्र बाळगण्यास प्रतिबंध करणारे कायदे विधिमंडळ करू शकेल. एका न्यायालयाने काढलेला अर्थ जनतेने आपल्या घटनेत दुरुस्त केला. ब्लिस खटला हा परंपरेचा नमुना नव्हे. परंपरेने तो फेटाळून लावला.

६/ पुढची २०-२५ वर्षे दक्षिणेतली आणि सीमेवरची राज्ये एकामागून एक याच वाटेने गेली. इंडियाना १८२०. जॉर्जिया १८३७. अलाबामा १८३९, तिथे तर कायद्याच्या शीर्षकातच चोरून शस्त्र बाळगण्याच्या प्रथेला ‘दुष्ट’ म्हटले आहे. पुढच्याच वर्षी अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. गुलामगिरी टिकवण्यासाठी शस्त्रसज्ज राहणारे, द्वंद्वयुद्धाचे कौतुक असणारे हे प्रदेश. त्यांना बंदुकीची भीती वाटत होती, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

७/ मग हे कायदे का? उत्तर त्या समाजाच्या अब्रूच्या कल्पनेत आहे. ज्याला लढायचे आहे त्याने शस्त्र कमरेला उघड लावावे. समोरच्याला कळू दे, सावध होऊ दे. शस्त्र लपवणारा माणूस लढवय्या नव्हे, तो दगाबाज मारेकरी. १८५० मध्ये लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास याच भाषेत निकाल दिला: उघड शस्त्र हा अधिकार आहे, तर लपवलेले शस्त्र प्रतिपक्षावर चोरटी कुरघोडी करण्याचे साधन आहे आणि मर्दपणाला न शोभणाऱ्या हत्यांना ते कारण होते.

८/ अब्रूच्या जोडीला तंत्रज्ञानही होते. १७९१ ची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायचे लांबलचक अवजार. ते दडवणार कुठे? फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने तळहातात मावणारी पिस्तुले बनवली आणि लपवणे हा रोजचा व्यवहार झाला. १८६५ मध्ये लिंकन यांचा प्राण घेतला तो अशाच एका डेरिंजरने. नाट्यगृहात शिरणाऱ्या मारेकऱ्याच्या हाती लांब बंदूक असती, तर तो त्या कक्षाच्या दारापर्यंत पोचला असता का, याचा विचार वाचकांनीच करावा.

९/ इथे एक आक्षेप रास्त आहे. दुसरी घटनादुरुस्ती तेव्हा फक्त केंद्र सरकारला लागू मानली जात होती. राज्यांना ती बांधील करते हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. मग राज्यांच्या जुन्या कायद्यांवरून त्या दुरुस्तीचा अर्थ कसा काढायचा? पण अनेक राज्यांच्या स्वतःच्या घटनांत शस्त्राधिकार होताच. शिवाय जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ च्या नन खटल्यात थेट दुसऱ्या दुरुस्तीच्याच आधारे निकाल दिला. उघड शस्त्रावरची बंदी त्याने उडवली, लपवलेल्या शस्त्रावरची बंदी राखली.

१०/ हाच नन खटला न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी २००८ च्या ‘हेलर’ निकालात गौरवाने उद्धृत केला. शस्त्राधिकाराच्या चळवळीला हा निकाल मंत्रासारखा पाठ असतो. त्याच निकालात स्कॅलिया यांनी हेही नोंदवले आहे की १९ व्या शतकात हा प्रश्न ज्यांच्यापुढे आला त्यांपैकी बहुसंख्य न्यायालयांनी लपवून शस्त्र बाळगण्यावरची बंदी वैध मानली. ते वाक्य मात्र सभांमधून ऐकू येत नाही.

११/ आता पश्चिमेकडे. ‘वाइल्ड वेस्ट’मध्ये प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असे, ही समजूत हॉलिवूडची देणगी. कॅन्ससमधल्या डॉज सिटीच्या मुख्य रस्त्यावर गावात बंदूक बाळगण्यास सक्त मनाई असल्याची पाटी उभी होती. तिचे १८७९ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. टेक्ससने तर १८७१ मध्ये पिस्तूल बाळगण्यावरच, उघड असो वा लपवलेले, मोजके अपवाद वगळून बंदी घातली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी ती उचलून धरली.

१२/ अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोन गावाचा १८८१ चा ९ क्रमांकाचा नगर-अध्यादेश असाच होता: गावात आल्यावर शस्त्र जमा करायचे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी मार्शल व्हर्जिल अर्प आपल्या भावांसह आणि डॉक हॉलिडेसह क्लँटन-मॅक्लॉरी मंडळींकडे चालत गेला, तो त्यांच्याकडची शस्त्रे काढून घेण्यासाठी. पुढची अर्ध्या मिनिटाची झटापट ओके कोरलची चकमक म्हणून अजरामर झाली. तिघे ठार झाले. अमेरिकेतली सर्वांत गाजलेली पिस्तुलबाजी शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीतून घडली, हे पडद्यावर क्वचितच ठसते. २०१० मध्ये याच अ‍ॅरिझोनाने परवान्याची अट काढली. कॅन्ससने २०१५ मध्ये, टेक्ससने २०२१ मध्ये.

१३/ समर्थकांच्या हाती खरोखर वजनदार असा एकच दाखला आहे: व्हरमाँट. तिथे रटलंड शहराने पिस्तूल बाळगण्यासाठी महापौराची किंवा पोलिसप्रमुखाची परवानगी सक्तीची केली होती. १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. व्हरमाँटला परवाना कधीच नव्हता. हे मान्यच करायला हवे. पण एका छोट्या डोंगराळ राज्याच्या अपवादाला २९ राज्यांची परंपरा म्हणता येत नाही. व्हरमाँटनंतर दुसरे राज्य यायला २००३ साल उजाडावे लागले, आणि ते होते अलास्का.

१४/ दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: परवाना हे वंशद्वेषाचे हत्यार होते. हे शंभर टक्के खरे आहे. १८६५ मध्ये मिसिसिपीने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक ठेवण्यास मनाई केली. फ्लोरिडाने १८९३ मध्ये रायफलींसाठी परवान्याचा कायदा केला. १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी लिहून ठेवले की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता, गोऱ्यांना तो लावण्याचा हेतूच नव्हता. १९५६ मध्ये माँटगोमेरीत घरावर बाँब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला.

१५/ आपल्याकडचा १८७८ चा हत्यार कायदा आणि त्यातल्या युरोपियनांच्या सवलती ज्यांनी अभ्यासल्या आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. परवाना देणे-न देणे साहेबाच्या मर्जीवर सोडले, की ती मर्जी कातडीचा रंग पाहणारच.

१६/ पण या अन्यायाचे मूळ मर्जीत होते. त्यावरचा उपाय म्हणजे मर्जी काढून निकष आणणे, आणि तो उपाय झालाही. फ्लोरिडाने १९८७ मध्ये ठरवले की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे, अधिकाऱ्याला नाही म्हणता येणार नाही. पुढच्या दोन-अडीच दशकांत बहुतेक राज्ये याच पद्धतीवर आली. उरलेसुरले मर्जीचे कायदे २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालाने मोडीत निघाले. न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षे जुना कायदा रद्द करणाऱ्या त्याच निकालात, निकषांवर चालणाऱ्या ४३ राज्यांच्या परवाना-पद्धतींवर आपण शंका घेत नसल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. किंग यांच्या अर्जाला न्याय मिळाला तो इथे. त्यानंतरही फ्लोरिडाने २०२३ मध्ये परवान्याची अट उडवली. तेव्हा तो कोणत्या वंशद्वेषावरचा इलाज होता?

१७/ सगळ्या वादातली मूळ चलाखी इथे उघडी पडते. ‘१७९१ मध्ये परवाना नव्हता’ हे वाक्य खरे आहे. पण १९ व्या शतकातही परवाना नव्हता तो अशासाठी, की अनेक राज्यांत लपवून बाळगण्यावर सरळ बंदीच होती. परवाना आला तो त्या बंदीतून काढलेली पळवाट म्हणून. टेक्ससमध्ये १८७१ ची बंदी शिथिल होऊन लपवलेल्या पिस्तुलाला परवाना मिळण्याची सोय झाली ती १९९५ च्या कायद्याने. म्हणजे टेक्ससच्या माणसाचे परवान्याने काही हिरावले नव्हते. परवान्याने त्याला प्रथमच काही दिले होते. बंदी गेली, मग परवानाही गेला, आणि या दोन्हींविना उरलेल्या स्थितीला ‘मूळची’ म्हणायचे! ही मूळची स्थिती टेक्ससमध्ये त्याआधीची दीडशे वर्षे तरी नव्हती.

१८/ या शब्दच्छलाची किंमत कोण मोजतो? २०२२ मध्ये इंडियानाच्या राज्य पोलिस दलाचे प्रमुख गणवेशात विधिमंडळाच्या समितीपुढे उभे राहिले आणि या विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. रात्री रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या शिपायाला समोरचा माणूस शस्त्र बाळगण्यास पात्र आहे की नाही हे परवान्यावरून झटकन कळे. ते साधन जात होते. अनेक राज्यांत खाजगी विक्रीत खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जातच नाही. अशा पिस्तुलाच्या वाटेत परवाना ही एकमेव चौकी असे. विरोध करणारे हे गृहस्थ कोणी शहरी उदारमतवादी नव्हते. विधेयक तरीही मंजूर झाले.

१९/ आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी यात का पडावे? कारण ब्रूएनने शस्त्रविषयक कायद्यांची कसोटीच बदलली. आजचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे का, हे आता न्यायाधीश तपासतात. १८३७ चा कायदा आणि १८५० चा निकाल ही आता ग्रंथालयातली धूळ राहिली नाही. त्यांवरून आजचे कायदे तरतात किंवा बुडतात. अशा वेळी विधिमंडळाच्या व्यासपीठावरून परंपरेचे बनावट चित्र वारंवार रंगवले गेले, तर ते उद्या वकिलांच्या निवेदनात आणि परवा निकालपत्रात उतरणार.

२०/ ज्यांना लपवलेले पिस्तूल विनापरवाना हवे आहे त्यांनी ते मागावे. लोकशाहीत बहुमताने नवा कायदा करता येतो. मिसूरीने १८७५ च्या आपल्या घटनेत लिहून ठेवले होते की शस्त्राधिकाराच्या आड लपवलेल्या शस्त्राचे समर्थन होणार नाही. २०१४ मध्ये मतदारांनी ते वाक्य गाळले. लुईझियानाच्या मतदारांनी आपल्या घटनेतले तसेच वाक्य २०१२ मध्ये काढले. हा प्रामाणिक मार्ग: जुने आम्हाला नको, नवे हवे. पण मग त्याला नवे म्हणावे.

२१/ केंटकीने तेवढीही तसदी घेतली नाही. तिथे २०१९ मध्ये गव्हर्नरांच्या सहीने परवान्याची अट गेली आणि ‘कॉन्स्टिट्यूशनल कॅरी’चा जयघोष झाला. केंटकीची चालू राज्यघटना १८९१ ची आहे. तिच्या पहिल्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात शस्त्राचा अधिकार आहे, आणि त्याच वाक्यात, लपवून शस्त्र बाळगण्यास प्रतिबंध करण्याचा विधिमंडळाचा अधिकारही आहे. गुप्तीवाल्या ब्लिसच्या खटल्यानंतर जोडलेला हा मजकूर आजही तिथे छापला जातो.