सावकाश होऊ द्या!

पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, ते सौजन्य असते. पण साठवणुकीच्या चार तबकड्यांपैकी एक निकामी झाली असता संगणकही तेच म्हणू लागला, की पोटात गोळा येतो!

अशा संचाला ‘रेड’ म्हणतात. हे नाव रूढ केले ते बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या त्रयीच्या १९८८ सालच्या निबंधाने. त्यातल्या एका लोकप्रिय प्रकाराचे मर्म अगदी शाळकरी आहे. तीन आकडे आणि त्यांची बेरीज चार पाट्यांवर लिहा. कोणतीही एक पाटी फुटली, तरी तिच्यावरचा आकडा उरलेल्या तिघींवरून काढता येतो. मात्र त्यासाठी त्या तिघी आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. तेवढ्यात दुसरी फुटली, तर गणित संपले!

आमच्या विभागाच्या संचात जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे आहेत. गाणाऱ्यांपैकी कित्येकजणी आज हयात नाहीत. ४ टेराबाइटांची नवी तबकडी बसवली, आणि ‘एमडीस्टॅट’ या प्रगतिपुस्तकात उरलेला वेळ उमटला: ६५,००० मिनिटे. म्हणजे दीड महिना!

यात यंत्राचा आजार नव्हता, शिरस्ता होता. संचावर दुसरे काम चालू असेल, तर लिनक्स आधी पाहुण्यांना वाढते आणि दुरुस्तीला मागल्या पंगतीस बसवते. तेव्हाचा ठरीव वेग सेकंदाला १,००० किलोबाइट. पाहुणे नसताना कमाल मर्यादा २,००,०००. आमच्याकडे ध्वनिमुद्रणांची यादी करणारा एक प्रोग्रॅम अहोरात्र संच चाळीत होता. तो थांबवताच वेग दीडशे मेगाबाइटांवर गेला आणि दीड महिन्याचे काम साडेसात तासांवर आले. काम थांबवणे शक्यच नसेल, तर किमान वेगाचा आकडा ५०,००० करावा. बाकीची कामे थोडी रेंगाळतील, इतकेच.

तरीही वेग वाढेना, तर ‘स्मार्ट’ अहवालात जुन्या तबकड्यांची नाडी पाहावी. एखादी तीच जागा पुनःपुन्हा वाचत अडखळत असेल, तर तिच्यावर चाबूक ओढू नये. आधी महत्त्वाचे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे. नवी तबकडी ‘एसएमआर’ जातीची असली, तरीही गाडी अडते. तिच्यावरच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. घरगुती संचांसाठी विकलेल्या काही तबकड्या या जातीच्या असल्याचे २०२० साली उघडकीस आले. म्हणून ‘सीएमआर’ आहे ना, हे दुकानातच विचारून घ्यावे.

आणि संच म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली ओवी चारही तबकड्यांवरून एकदमच पुसली जाते. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मग यजमानाने खुशाल म्हणावे, सावकाश होऊ द्या!