काळ्या पाण्यावर काशीबाईही गेली होती



मागच्या महिन्यात आमच्या यवतमाळच्या वाचनगटात सावरकरांची १९३७ ची ‘काळे पाणी’ ही कादंबरी वाचली. लेखक स्वतः १९११ ते १९२१ अंदमानात कैदी होते. कैद्यांच्या त्या जगाचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, आणि भाषा देखणी आहे. एकजण म्हणाली, “नायिका बाई आहे, म्हणजे ही आपलीच कादंबरी!”

मला हे मान्य नाही. मालतीवर संकट येते ते पळवून नेल्यामुळे. तिचा वैरी घराबाहेरचा, परधर्माचा. आता खरी बाई पाहा. पुण्यात गोवंड्यांच्या घरी स्वयंपाक करणारी काशीबाई, ब्राह्मण विधवा. एका शास्त्र्याने तिला फसवले, दिवस गेले. लोकलाजेपायी तिने मूल मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप झाली, अंदमानात. जोतिबा फुल्यांनी १८८४ मध्ये ही हकिगत लिहिली. तीत शिक्षा दिसते ती एकट्या काशीबाईला. तिच्यामुळेच १८६३ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मीला अशाच गुन्ह्यासाठी फाशी सुनावली गेली. पुढे ती कमी करून काळे पाणी ठरले. त्यावरून उठलेल्या गदारोळात आपल्या वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना जाब विचारला.

अंदमानात गेलेल्या बायकांपैकी पुष्कळजणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खुनासाठी गेल्या होत्या. वसाहत बसवायला सरकारला बायका हव्याच होत्या. म्हणून काही वर्षांनी चांगल्या वागणुकीच्या पुरुष कैद्याला त्यांच्यातून बायको निवडू देत. त्याची वागणूक सुधारल्याचे हे बक्षीस! आम्ही मात्र काळे पाणी म्हटले की फक्त देशभक्तांना हात जोडतो.

हे जुने झाले म्हणता? आमच्या झरी-जामणीच्या कोलाम पोडांवर या. लग्नाचे आमिष दाखवून ठेकेदार, व्यापारी निघून गेले. मागे राहिलेल्या मुलींना नाव मिळाले ‘कुमारी माता’. ‘पळपुटा बाप’ असे नाव कुठल्या सरकारी कागदावर वाचले आहे का कोणी?

कादंबरी जरूर वाचा. पण मिटताना विचारा, काशीबाईला फसवणारा कुठल्या बेटावर गेला?