बेवड पाहून पेरणी

जमीन खंडाने घेण्यापूर्वी जाणता शेतकरी प्रथम विचारतो, “आधीचा बेवड कशाचा?” मागील पिकाने मातीतून काय नेले आणि मातीत काय ठेवले, याचा सारा हिशेब त्या एका शब्दात येतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते, हे सर्वश्रुत आहे. परंतु मागील पीक मातीत रोगही ठेवून जाते, याचे भान क्वचितच राखले जाते.

तुरीचा मर रोग हे त्याचे ठळक उदाहरण होय. फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळांवाटे शिरून जलवाहिन्या रोखते. मग जमिनीत ओल असूनही फुलाशेंगांच्या भरात आलेले झाड उभ्याने वाळते. खोड चिरले असता आत काळपट रेषा दिसतात. पीक निघाल्यावरही ही बुरशी धसकटांच्या आश्रयाने सुमारे ३ वर्षे टिकते. त्याच वावरात प्रतिवर्षी तूर पेरणे म्हणजे तिला प्रतिवर्षी पंगत वाढणे! ज्वारीवर तिचा निर्वाह होत नाही. म्हणून ज्वारीच्या बेवडावर, तसेच ज्वारीच्या मिश्रपिकात, तुरीची मर कमी होते.

तथापि पीक बदलले म्हणजे फेरपालट साधली, असे नव्हे. खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा हा क्रम आज मराठवाडा-विदर्भात रूढ आहे. पिके दोन दिसली, तरी मानकूज घडविणारी स्क्लेरोशियम बुरशी दोहोंवर पोसली जाते. भुईमूगही तिला वर्ज्य नाही. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा यांचेही तेच. ती एकाच कुळातली भावंडे. पालट पिकाची नव्हे, कुळाची हवी. कडधान्य व तेलबियांच्या मध्ये ज्वारी, मका किंवा गहू यावा.

सोयाबीनचा रोख पैसा सोडून ज्वारीकडे वळणे लहान शेतकऱ्यास परवडेलच असे नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याने साऱ्या शेताची पालट एकदम करू नये. शेताचे ४ भाग करून तूर दरवर्षी पुढच्या भागात सरकवावी. मूळ भागात ती परतेपर्यंत मध्ये ३ वर्षे जातात. हरभऱ्याच्या मरीची बुरशी मात्र हरभऱ्यावाचूनही ६ वर्षांपर्यंत तग धरते; तेथे पालटीच्या जोडीला रोगप्रतिकारक वाण आणि ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया आवश्यक ठरते.

घरोघरी जमाखर्चाची वही असते. तिच्यातच एक पान प्रत्येक वावराच्या बेवडासाठी राखावे. पेरणीपूर्वी ते उघडले, तर पुष्कळशी औषधे विकत आणावी लागणार नाहीत.