द्राक्षाला प्रयोगशाळा, वाइनचे काय?

छत्रपती संभाजीनगरातील छावणीच्या गुरुवारच्या बाजारात ग्राहक द्राक्षांचा घड पाहून, एखादा मणी चाखून भाव करतो. युरोपला जाणारे द्राक्ष मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावर पारखले जाते. वाइनचा प्रश्न या दोन टोकांच्या मध्ये अडकला आहे.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश आढळले आणि निर्यातदारांची झोप उडाली. त्यानंतर ‘अपेडा’ने अवशेष नियंत्रण योजना आखली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. नोंदणीकृत बागेचा नमुना उत्तीर्ण झाल्याखेरीज माल युरोपला जाऊ नये, अशी व्यवस्था झाली.

तरीही २०१० मध्ये घात झालाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे ‘लिहोसिन’, या वाढनियंत्रकामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम. हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. जे शोधलेच नाही, ते सापडणार कसे?

हाच धडा वाइनलाही लागू पडतो. वाइन तयार होताना अनेक रसायने चोथ्याबरोबर व गाळाबरोबर निघून जातात. काही बुरशीनाशके मात्र बाटलीपर्यंत पोहोचतात. २००८ मध्ये ‘पेस्टिसाइड अॅक्शन नेटवर्क युरोप’ने तपासलेल्या, सेंद्रिय नसलेल्या सर्व ३४ बाटल्यांत अंश आढळले होते. अंश आढळला म्हणजे अपाय झालाच असे नव्हे. परंतु प्रमाण ठरवायचे तर तपासणी हवीच.

ती सोपी नाही. अल्कोहोल, आम्ले आणि लाल वाइनमधील रंगद्रव्ये यंत्राच्या मोजमापात अडथळा आणतात. शिवाय अनेक बागांची द्राक्षे एका टाकीत मिसळल्यावर दोष नेमका कोणत्या बागेचा, हे बाटली सांगू शकत नाही. अपेडाची योजना तर युरोपला जाणाऱ्या ताज्या द्राक्षांपुरतीच आहे. मद्यपेयांसाठीची अन्नसुरक्षा मानके देशात एप्रिल २०१९ पासून लागू झाली. पण मानके कागदावर असणे आणि बागनिहाय नमुना तपासला जाणे, यांत अंतर आहे.

म्हणूनच खरी तपासणी वाइनच्या द्राक्षांचीही काढणीपूर्वी, बागेतच व्हायला हवी आणि तिची यादी शेतकऱ्याच्या फवारणीच्या नोंदवहीशी जुळायला हवी. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता शक्य झाली, ती येथील ग्राहकासाठी अशक्य मानण्याचे कारण नाही.