कॅमेरा चोरासाठी, विमा कशासाठी?

आमच्या बेळगावात आता गल्लोगल्ली घरांवर कॅमेरे दिसतात. विकणारा हमखास सांगतो, "बसवून घ्या, घराच्या विम्याचा हप्ताही कमी होईल." ऐकायला बरं वाटतं, पण आधी पॉलिसी वाचायला हवी.

अमेरिकेत अलार्म असलेल्या घराला बऱ्याच कंपन्या हप्त्यात सूट देतात, कारण तिथल्या नेहमीच्या घरविम्यातच चोरी धरलेली असते. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. ती मुख्यतः आग, पूर, भूकंप, दंगल यांसाठी. चोरीची भरपाई मिळते, पण अशी आपत्ती आल्यावर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीचीच. एरवी कुणी कडीकोयंडा तोडून घर फोडलं, तर त्यासाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. मग जी जोखीम पॉलिसीत नाहीच, ती कमी झाली म्हणून हप्ता का उतरावा? २०१९ च्या ऑगस्टात इथं घरांत पाणी शिरलं, तेव्हा कॅमेरा काय करणार होता?

कॅमेरा नको असं मी म्हणत नाही. घरी म्हातारी माणसं एकटी असतील तर तो हवाच. पण सुटीत घरी जाल तेव्हा पॉलिसी उघडून बघा: चोरी त्यात आहे का? दागिने धरलेत का? घरफोडीचं संरक्षण घेताना मात्र कॅमेऱ्याबद्दल सूट जरूर मागा, आणि मिळाली तर लेखी घ्या. तोंडी सूट दाव्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही.