शूटिंग संपलं, फिल्म बाकी आहे

कफ परेडच्या मच्छीमार नगरात कॉलेजची मुलं कॅमेरा घेऊन आली, की होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मागचे टॉवर टिपून खुशीत परततात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. नारळी पौर्णिमेच्या शॉटमागे मांडवातल्या स्पीकरवरचं गाजलेलं कोळीगीत ऐकू येत असेल, तर त्याचे हक्क मिळवा, नाहीतर आवाज नव्याने बांधा. म्हणूनच जाणता साउंड रेकॉर्डिस्ट किनाऱ्याचा नुसता आवाजही दोन मिनिटं वेगळा घेऊन ठेवतो. पुढचा पेच लांबीचा. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसह 15 मिनिटं, ऑस्करची 40. कानच्याच ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात तासाभराची फिल्मही चालते. पण 2024 साली तिथे पहिली आलेली चिदानंद नाईक यांची एफटीआयआय या फिल्म संस्थेतली फिल्म होती जेमतेम 16 मिनिटांची. नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपटही अहमदनगरला शिकताना केलेला प्रकल्प, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘अजून एक सीन राहू दे’ हा मोह एडिट टेबलवरच सोडावा. फिल्म घाईने यूट्यूबवर टाकू नये. काही महोत्सव अशी फिल्म घेतच नाहीत. आणि प्रवेश शुल्क भरण्याआधी ती मच्छीमार नगरातच दाखवावी. चुकलेली बोली आणि उलटी धरलेली जाळी तिथल्या बायका लगेच पकडतील, तेही एक पैसा न घेता.