जुन्या पेटीच्या जागी

दूरचित्रवाणी संचाखालची जुनी पेटी कालबाह्य होऊन चित्र पावलोपावली अडखळू लागले, म्हणजे गृहस्थ बाजारात जातो आणि रॅम, 8के, अँड्रॉइड अशी ठळक अक्षरे मिरविणारे सर्वांत स्वस्त खोके घेऊन येतो. परंतु ज्या एका गोष्टीची चौकशी आधी व्हावयास हवी, तिचा उल्लेख त्या खोक्यावर बहुधा नसतोच, याची मला मनापासून खंत वाटते. अँड्रॉइड यंत्राजवळ वाइडवाइन एल-1 ही नक्कल-संरक्षणाची सनद आणि नेटफ्लिक्सची स्वतंत्र मान्यता नसेल, तर त्याचा प्रोसेसर कितीही समर्थ असो, 4के पडद्यावरही नेटफ्लिक्सच्या 480 रेषांच्या धूसर चित्रावरच समाधान मानावे लागते. म्हणून फायर टीव्ही स्टिक असो वा गूगल टीव्हीचे अधिकृत यंत्र, चार पैसे जास्त पडले तरी सनदशीर वस्तूच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र गूगलने 2013 साली आणलेल्या क्रोमकास्टचे उत्पादन 2024 मध्ये थांबविले असल्याने, दुकानातला शिल्लक नग घेताना विचार करावा. संचाच्या पाठीमागे एचडीएमआयची खाच आहे की नुसती लाल, पांढरी, पिवळी भोके, हेही पाहून ठेवावे. विजेची तजवीज पुष्कळ जण संचाच्याच यूएसबी खाचेतून करतात, पण यूएसबी 2.0 ची खाच 500 मिलिअँपिअरच्या हिशेबाने बांधलेली असल्यामुळे ऐन रंगात आलेल्या चित्रपटात यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते. सोबत आलेला अडॅप्टरच भिंतीला लावावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना सह्याद्री वाहिनी अंकांचे बटण दाबून लावण्याची सवय असेल, तर छतावरची डिश उतरविण्याची घाई मुळीच करू नये.